गाडी येत आहे

स्टेडियम बांधणाऱ्यांनी खुर्च्या अगदी मन लावून बसवल्या होत्या. खुर्चीला पाठ, पाठीवर नंबर, बाजूला पेला ठेवायला खळगा. फक्त त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं सामना संपल्यावर घरी कशी जाणार, हा प्रश्न काही कुणाच्या डोक्यात आला नाही. गाड्या लावायला जागा ठेवली ती पाहुण्यांपुरती. बाकीच्यांनी म्हणे रेल्वेने यावं. आणि रेल्वे म्हणजे काय, तर खोलगट जागेतलं एकच फलाटाचं स्टेशन आणि मनात आलं तर येणारी गाडी.

त्या स्टेशनात माईकताई घोषणा करायची. तिला सगळा स्टाफ माईकताईच म्हणायचा. नवरासुद्धा चिडवायचं झालं की तेच म्हणायचा. फलाटाच्या टोकाला काचेची खोली, टेबलावर माईक, माईकच्या बुडाशी लाल बटण आणि समोर भिंतीवर चार पडदे. एका पडद्यावर फलाट, दुसऱ्यावर जिना, तिसऱ्यावर पूल आणि चौथ्यावर स्टेडियमसमोरचा चौक. लोक चौकातून पुलावर येत, पुलावरून जिन्याने खाली उतरत आणि जिन्याच्या तळाशी लोखंडी गेट होतं. फलाट भरला की गेट बंद करायचं, गाडीने माणसं उचलली की उघडायचं, असा साधा हिशोब होता.

आज गेट बंद होऊन बराच वेळ झाला होता. सामना संपला होता, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि सामन्यासाठी सोडलेली जादा गाडी मधेच कुठल्याशा सिग्नलपाशी अडकून पडली होती. फलाटावर तीळ ठेवायला जागा नव्हती. जिना भरला, पूल भरला आणि चौकातून माणसं येतच होती.

एरवी माईकताई अशा गर्दीला भीत नसे. पण आज त्या गर्दीत तिचा नवरा होता, आणि तिची भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे तिची मुलगी. दुसरीत होती आणि एका जागी टिकत नसे, म्हणून ते नाव पडलं होतं. तिचा बाप सोफे शिवायचा. सोफे पोचवायला त्याच्याकडे एक जुनी टपाची गाडी होती, आणि सामन्याला त्याच गाडीने जायचं असा त्याचा बेत होता. माईकताईनेच तो मोडून काढला होता. गाडी लावायला जागा नाही, लांब कुठेतरी रस्त्याच्या कडेला लावशील, कुणीतरी ओढून नेईल आणि पोरीला घेऊन बसशील फिरत, असं तिने सकाळी चहा पिता पिता सुनावलं होतं. ‘रेल्वेनेच या. मी आहे ना माईकवर. काळजी कसली?’ असंही वर म्हणाली होती. हे तिचं वाक्य आता तिला आतून कुरतडत होतं.

नवऱ्याचा शेवटचा निरोप फोनवर आला होता: जिन्यात आहोत, अगदी गेटपाशी. त्यानंतर फोन लागेना. तिने जिन्याच्या पडद्यावर शोधलं. कॅमेरा वरून बघणारा, त्यामुळे नुसती डोकीच डोकी दिसत होती. मग गेटच्या गजांना लागून तिला भिंगरीची पिवळी टोपी दिसली, आणि टोपीच्या मागे नवऱ्याचं टक्कल. तिला हायसं वाटलं. सगळ्यात पुढे आहेत म्हणजे गेट उघडलं की पहिल्यांदा सुटतील, असं तिने मनाशी म्हटलं.

मोठे साहेब, म्हणजे स्टेशनमास्तर, तिच्या मागेच उभे राहून कंट्रोलशी फोनवर बोलत होते. कंट्रोलवाले त्यांना गाडी येतेय एवढंच सांगत होते, आणि साहेब ते ऐकून तिला बोटाने खूण करत होते की तुम्ही पण सांगा. साहेबांची ही जुनी शिकवण होती. गाडी नाही असं माईकवर कधी म्हणायचं नाही. नाही म्हटलं की माणूस पिसाळतो. येतेय म्हटलं की मान लांब करून रुळांकडे बघत उभा राहतो. इतकी वर्षं ही युक्ती फळली होती. गाडीचा पत्ता नसताना माईकताईने कितीतरी फलाट नुसत्या गोड आवाजावर शांत ठेवले होते आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता.

तिने बटण दाबलं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. जादा गाडी लवकरच येत आहे.’ आवाज नेहमीसारखा, थंडगार. फलाटावरच्या माना लांब झाल्या. कुणी शिट्टी मारली. सगळं ठीक दिसत होतं.

थोड्या वेळाने जिन्याच्या पडद्यावर काहीतरी हललं. सगळी डोकी एकदम पुढे झुकली आणि तशीच राहिली. पिवळी टोपी दिसेनाशी झाली. मग नवऱ्याचे हात वर आले आणि त्या हातांत भिंगरी. त्याने तिला ओढून खांद्यावर घेतलं. टोपी गेली होती. केस तोंडावर आले होते.

गेटवाल्याला स्टेशनच्या आतल्या फोनवरून तिने विचारलं, काय चाललंय. गेटवाला अंगापिंडाने दांडगा, सहसा न घाबरणारा. तो म्हणाला, मागून रेटा येतोय ताई, मधेच येतो, मधेच थांबतो. पुढची माणसं गजांना चिकटलीत. एक बाई श्वास लागलाय म्हणतेय. गेट उघडू का? तिने फलाटाकडे पाहिलं. फलाटाच्या कडेवरची माणसं आधीच एकमेकांना धरून उभी होती. जिन्यातली माणसं त्यांच्यावर लोटली असती तर सरळ रुळांवर पडली असती. ‘उघडू नका,’ असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

साहेबांनी पुन्हा खूण केली. लोकांना काहीतरी सांगत राहा, गप्प बसलात तर दगड येतील, असं ते फोनवर हात ठेवून म्हणाले. तिलाही दुसरं काय सुचणार होतं? आयुष्यभर तिने हेच केलं होतं. लोक घाबरलेत, तर धीर द्यावा. तिने बटण दाबलं, आवाजात होती नव्हती तेवढी माया ओतली आणि म्हणाली, गाडी येत आहे, अगदी थोडा वेळ.

या वेळी तिची नजर चुकून चौकाच्या पडद्यावर होती. चौकात निवांत उभी असलेली माणसं, पाणी पिणारी, फोटो काढणारी, पायरीवर टेकलेली. तिचं वाक्य संपलं आणि ती सगळी एकदम उठली. पिशव्या उचलल्या, पोरांचे हात धरले आणि पुलाकडे निघाली. गाडी येतेय म्हटल्यावर कोण बसून राहील? तो लोंढा पुलाच्या पडद्यावर शिरला. पुलावरची माणसं जिन्याकडे ढकलली गेली. मग जिन्याच्या पडद्यावरची डोकी झुकली, आणि सगळ्यात शेवटी, गजांपाशी, नवऱ्याच्या खांद्यावरची भिंगरी तोंड उघडून ओरडली. काचेच्या खोलीत तिचा आवाज येत नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

चौकातले ते कर्णे माईकताईनेच मागून घेतले होते. मागच्या मोसमात लोकांची तक्रार होती की चौकात काही ऐकू येत नाही. तिने साहेबांच्या मागे लकडा लावून खांबाखांबावर कर्णे बसवून घेतले. फलाटावरचा माणूस घोषणा ऐकून उभा राहतो; चौकातला माणूस तीच घोषणा ऐकून पळत सुटतो. एवढी साधी गोष्ट ना तिच्या डोक्यात आली, ना साहेबांच्या. दोघेही फलाटावर वाढलेली माणसं.

रेटा मागून येत होता म्हणजे तिच्याकडूनच येत होता. ती इथे बसून गोड आवाजात आपल्याच पोरीला गजांवर दाबत होती. तिने बटणावरून हात असा काढला की जणू ते तापलं होतं.

ती गप्प बसली. रेटा वाढला नाही, पण सैलही झाला नाही. आलेली माणसं आली होती. बापाच्या खांद्यावर भिंगरी दोन्ही हातांनी गज धरून बसली होती आणि बाप एका हाताने तिला आणि दुसऱ्याने गेटला रेटून स्वतःच्या छातीपुढे वीतभर जागा राखत होता. तो हात थरथरताना पडद्यावरही दिसत होता.

तेवढ्यात साहेबांचा चेहरा उजळला. गाडी खरंच सुटली होती, येऊन पोचतच होती. ‘सांगा, सांगा लोकांना,’ ते म्हणाले.

माईकताईने माईक दोन्ही हातांनी पोटाशी धरला. ‘नाही सांगणार.’

साहेबांना आधी कळेचना. त्यांनी हात पुढे केला. ती खुर्चीसकट मागे सरकली.

‘साहेब, आपण सांगितलं की चौकातले लोक धावतात. पुढे जागा नाहीये. माझी पोरगी तिथे गजांवर आहे. मी आता गाडी नाही म्हणून सांगणार.’

‘गाडी दारात आलीय आणि तुम्ही खोटं सांगणार?’

‘मघापासून काय सांगत होतो आपण?’

साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. तिने बटण दाबलं. पहिल्यांदा तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. फाटका, कापरा, कुणातरी भाजीवालीसारखा. ती म्हणाली, गाडी नाही. आता गाडी येणार नाही. चौकातल्या आणि पुलावरच्या माणसांनी मागे फिरा, स्टेडियमचे दरवाजे उघडे आहेत, आत जाऊन बसा. पुढे मुलं अडकली आहेत. मागे फिरा. गाडी नाही.

स्टेडियमचे दरवाजे उघडे आहेत की नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं. आणि साहेब म्हणत ते खरंच झालं. फलाटावर आरडाओरडा सुरू झाला, एक बाटली येऊन काचेवर फुटली, कुणी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती. चौकातली माणसं थांबली. हात उडवू लागली, शिव्या देत असावीत. आणि मग, हाय रे देवा, एक एक करून पाठ फिरवू लागली. तिने तेच पुन्हा सांगितलं, परत परत सांगितलं. पुलाचं मागचं टोक मोकळं झालं. पुलावर फरशी दिसू लागली. जिन्यातली डोकी सरळ झाली.

गाडी आली ती कुणी न बोलावता. फलाटावरचे लोक ओरडता ओरडता गप्प झाले आणि डब्यांत शिरले. गेटवाल्याने गेट अर्धंच उघडलं आणि स्वतः फटीत उभा राहून माणसं एकेक करून सोडू लागला. माईकताई तोंडातून शब्द काढत नव्हती. जिन्याच्या पडद्यावरून नवरा आणि भिंगरी नाहीसे झाले आणि फलाटाच्या पडद्यावर काही दिसेनात. गाडी निघून गेली. गेटपाशी दोन माणसं कुणालातरी जमिनीवर निजवत होती. मोठं माणूस होतं की लहान, ते तिला कळेना. उठून धावावं तर पडद्यावरून नजर काढवेना. ती टेबलाची कड धरून तशीच बसून राहिली.

दार उघडलं तेव्हा नवरा होता. त्याचा उजवा हात लोंबत होता आणि शर्टावर गजांचे गंजके पट्टे उमटले होते. डाव्या हातावर भिंगरी. तिच्या एका पायात बूट नव्हता. गेटपाशी निजवलेली बाई शुद्धीवर आली, असं तो कुणी न विचारता म्हणाला आणि भिंतीला टेकला.

माईकताईने पोरीला ओढून घेतलं. डोकं चाचपलं, पाठ चाचपली, बोटं एकेक करून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. तिला रडू फुटलं आणि ती म्हणाली, ‘भिंगरे...’

भिंगरीने झटकन तिच्या तोंडावर तळवा दाबला.

‘आई, बोलू नको. तू बोललीस की ते दाबतात.’

नवऱ्याने मान खाली घातली. जे माईकताईला चार पडदे समोर असून कळायला इतका वेळ लागला, ते पोरीला पहिल्याच घोषणेला कळलं असणार. प्रत्येक वेळी आईचा आवाज आला असेल आणि तिने अंग चोरून घेतलं असेल.

मग साहेबांचा फोन वाजला. आणखी एक गाडी निघाली होती, रिकामी. स्टेडियमकडे गेलेल्या लोकांना आता थोडं थोडं करून बोलवायला हवं होतं, आणि या वेळी साहेबांनी खूण केली नाही, हुकूमही सोडला नाही. कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा, असं ते हळू आवाजात म्हणाले.

तिने मान हलवली, पण बटणाला हात लावला नाही. स्टेशनात असा एक कोपरा नव्हता जिथे तिचा आवाज पोचत नव्हता. ती सोयही तिनेच करून ठेवली होती. तिने नवऱ्याला खुणेनेच मागचं दार दाखवलं. मागून मालधक्क्याचा रस्ता गावाकडे जायचा. नवऱ्याला न सांगता कळलं. त्याने पोरीला चांगल्या खांद्यावर घेतलं आणि तो निघाला.

माईकताई मागच्या खिडकीपाशी उभी राहिली. रस्त्याच्या कडेने कर्ण्यांचे खांब होते. एक मागे पडला, मग दुसरा. नवरा सावकाश चालत होता, हात दुखत असणार. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण घाई केली नाही. शेवटचा खांब मागे पडला, तरी ती थांबली. ते दोघं वळणाशी पोचेपर्यंत थांबली. भिंगरीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते आणि ते काही तिने काढले नाहीत.

मग माईकताई टेबलाशी आली आणि तिने बटण दाबलं.