नऊ वर्षांची शून्यं

मामांच्या प्रयोगशाळेत दवाखान्यांच्या तराजूंची वजनं तपासून मिळत, आणि प्रमाणपत्रावर सही असे ती भाचीची. शंभर ग्रॅमचं एकच वजन दहादा तोलायचं आणि ते दहा आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत, ते काढायचं. तोलणं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे आकडा नऊ अंकी, पण हलायचा फक्त शेवटचा अंक. मामांचं स्प्रेडशीट जुनं, घसघशीत पैसे मोजून घेतलेलं. ते दरवेळी उत्तर देई शून्य, म्हणजे विखुरणं अजिबात नाही. मामा हे शून्य येणाऱ्याजाणाऱ्याला नातवाचा पहिला दात दाखवावा तसं दाखवत.

त्या सोमवारी मामांचा संगणक अडलेला होता, म्हणून भाचीने तेच आकडे आपल्याकडच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टाकले. उत्तर आलं १.२६.

"फुकटचं ते!" मामा कडाडले. "कोण कुठली माणसं घरबसल्या लिहितात आणि तू विश्वास ठेवतेस? तुझाच हात थरथरला असेल."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! समोर दहा आकडे, कुणाच्या शेवटी तीन, कुणाच्या सात. हे सगळे सारखे नाहीत, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण मामा आकड्यांकडे बघतच नसत, त्यांना उत्तर पुरे.

"मामा, तुमच्याच सॉफ्टवेअरवर करू," ती म्हणाली. अडलेला संगणक एव्हाना सुरू झाला होता; तेच आकडे टाकले, उत्तर शून्य. मग प्रत्येक आकड्यातून तिने दहा कोटी वजा केले. "सगळ्यांनी सारख्याच टाचेच्या चपला काढल्या, तर उंचीतला फरक बदलेल का?"

"कसा बदलेल?"

तिने बटण दाबलं. मामांच्या लाडक्या स्प्रेडशीटने सांगितलं, १.२६.

"ते आधी अवाढव्य आकड्यांचे वर्ग करतं," ती म्हणाली. "तेवढे अंक त्याला झेपत नाहीत, मग शेपट्या छाटतं. आपला फरक शेपटीतच होता. फुकटच्यातही हीच खोड होती. पण त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कुणीतरी वाचला, बोंब मारली, दुरुस्त झालं. तुमच्यात डोकावणार कोण?"

मामांनी उठून दार लावलं. एवढा मोठा माणूस, पण चूक कळल्यावर सुचलं काय, तर दार लावणं.

"अळीमिळी गुपचिळी," ते म्हणाले. "नऊ वर्षं शून्य दिलंय. ग्राहकाला तेच आवडतं. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आक्काला मी सांगतो, तुझ्या लेकीला शहाणपण नडलं म्हणून."

भाचीने कपाटातून फायली काढल्या. मागच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक शून्याखाली तिचीच सही होती, ऐटीत, खाली रेघ ओढून. आकडे तिनेही कधी पाहिले नव्हते. मामांना हसता हसता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने पहिल्या दवाखान्याला पत्र लिहायला घेतलं: आम्ही दिलेलं शून्य चुकीचं होतं.

"निदान माझं नाव तरी घालू नकोस," मामा म्हणाले.

"नाही घालत. शून्यावर सही माझीच आहे," ती म्हणाली, आणि पत्राखालीही तीच केली.