दहापैकी दहा

शाळेत सगळे त्यांना कॉमाबाई म्हणत. तोंडावर नाही, तेवढी छाती कोणाची नव्हती. सव्वीस वर्षं त्या सातवीला इंग्रजी शिकवत होत्या, आणि कॅपिटल अक्षरं व विरामचिन्हं या बाबतीत त्या सख्ख्या भावालाही सोडत नसत. भावाने एकदा मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तर बाईंनी ती लाल शाईने दुरुस्त करून परत धाडली. वहिनी तेव्हापासून फोनवर मोजकंच बोलते.

गुरुवार हा नियमांचा वार. त्या दिवशी मुलांनी एका वेगळ्या, पातळ वहीत इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या. विषय कोणताही. मार्क फक्त नियमांना: वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, वारांची नि माणसांची नावं कॅपिटल, शेवटी पूर्णविराम, प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह. "काय लिहिलंय त्याच्याशी मला देणंघेणं नाही," त्या वर्गात बजावत. "कसं लिहिलंय तेवढं मी बघणार."

आणि बघायच्याही कशा! पुठ्ठ्याच्या तुकड्याला मधोमध एक लांबट फट पाडलेली. तो पुठ्ठा वहीवर ठेवला की एकच ओळ दिसते, बाकीचं पान झाकलेलं. सुरुवात शेवटच्या ओळीपासून, मग एकेक करत वर. अर्थ मोठा लबाड असतो म्हणे. वाचणाऱ्याचा हात धरून तो पुढे ओढत नेतो आणि चुका मागे राहून जातात. म्हणून अर्थाला दारातच अडवायचं. नव्या शिक्षिकांना त्या ही युक्ती कौतुकाने शिकवत, आणि त्या बिचाऱ्याही माना डोलवत.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिला पोरं खोडरबर म्हणत. लिहायची कमी आणि खोडायची जास्त. कागद फाटेपर्यंत खोडायची. आदल्या वर्षी तिची आई गेली होती. घरी चार वर्षांचा भाऊ आणि वडील. वडील बस डेपोत मेकॅनिक. तेही लहानपणी कॉमाबाईंच्याच हाताखालून गेलेले, आणि अजून त्या समोर आल्या की ऑइलचे हात पाठीमागे लपवून उभे राहत. जगात ते आणखी कोणाला घाबरत असतील असं वाटत नाही.

तर या मुलीला तिची आत्या दत्तक मागत होती. आत्या दूर, विमानाने जावं लागेल इतकी दूर. परिस्थिती चांगली, मूलबाळ नाही. वडिलांचं मन होत नव्हतं, पण पोरीचं भलं होईल असंही वाटत होतं. ते रोज लेकीला विचारायचे, "तुला काय वाटतं?" ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं." आपण नाही म्हटलं की बाबांवर आणखी ओझं पडेल, एवढं तिला बारा वर्षांच्या वयात कळत होतं. असं शहाणपण कोणाच्या पोरांना न येवो.

मग तिने कॉमाबाईंना लिहायचं ठरवलं. गुरुवारच्या वहीत, कारण ती वही बाईंशिवाय कोणी उघडत नसे. आधी घरी कच्चं लिहिलं, मग वर्गात उतरवलं. ते मराठीत सांगायचं तर असं होतं:

"प्रिय मॅडम, सोमवारी बाबा आत्याच्या कागदांवर सही करणार आहेत. मग मी कायमची तिची होईन. आत्या चांगली आहे, पण मला जायचं नाही. माझा भाऊ लहान आहे. तो जेवताना माझ्याच मांडीवर बसतो. मी नाही म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल. ते तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना सांगाल का? शनिवारपर्यंत सांगा."

गुरुवारी शाळा सुटल्यावर कॉमाबाई शिक्षकांच्या खोलीत वह्या घेऊन बसल्या. त्रेचाळीस वह्या. खोडरबरची वही आली तेव्हा पुठ्ठा शेवटच्या ओळीवर ठेवला. शनिवार कॅपिटल. बरोबर. वरची ओळ, प्रश्नचिन्ह आहे. बरोबर. 'पण'च्या आधी स्वल्पविराम. वा! सोमवार कॅपिटल. संबोधनानंतर स्वल्पविराम, जो निम्म्या वर्गाला सात जन्मांत जमणार नव्हता, तोही जागच्या जागी. बाईंनी पुठ्ठा बाजूला केला आणि पान एकदा लांबून बघितलं, ते फक्त कुठे खाडाखोड आहे का ते पाहायला. नव्हती. त्यांना मनापासून आनंद झाला. पोर आईच्या मागे सावरली, असं त्या शेजारच्या गणिताच्या सरांना म्हणाल्यासुद्धा. मग दहापैकी दहा दिले. त्या वर्षातले पहिले.

शुक्रवारी त्यांनी ती वही वर्गासमोर उंच धरली. "याला म्हणतात लिहिणं! शिका जरा." वाचून दाखवली नाही; वाचून दाखवायची पद्धतच नव्हती.

खोडरबर जागेवर उभी राहिली. "मॅडम, तुम्ही सगळं वाचलंत?"

"ओळ न् ओळ वाचली," कॉमाबाई हसून म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर."

"बरं, मॅडम," ती म्हणाली, आणि खाली बसली.

शनिवारी ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात उगाच घुटमळत होती. बाईंनी पाहिलं, आणि "खेळायला जा गं," म्हणून पिटाळलं. सोमवारपासून ती आली नाही.

पुढच्या बुधवारी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. दाढी वाढलेली, हात पाठीमागे.

"दाखला? कशाला?" कॉमाबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय, मॅडम... तुम्हाला तर माहीत आहे ना? काल नेली ताईने तिला."

"कुठे?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी दत्तकाच्या ऑफिसातल्या साहेबांनी मुलीला दोनदा विचारलं होतं, तुझी तयारी आहे ना? "मी तिच्याकडेच बघत होतो, मॅडम. ती नाही म्हणाली असती ना, तर कागद तिथंच फाडले असते. पण ती हो म्हणाली. रात्री मी विचारलं, खरंच जायचंय का गं? तर म्हणे, मी मॅडमना सगळं लिहून कळवलंय. त्यांनी ओळ न् ओळ वाचलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे जाणंच बरोबर असेल. मीही म्हटलं, मॅडमना बरोबर वाटतंय, मग झालंच." त्यांचा आवाज चिरकला. "साहेब म्हणाले होते, एकदा सही झाली की कागद फिरत नाहीत."

कॉमाबाई उठल्या. कपाटातून वही काढली आणि उभ्या उभ्याच वाचली, वरून खाली, जशी कोणीही साधी बाई वाचील तशी. चार ओळी झाल्यावर त्यांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की समोरच्या माणसाकडे बघवेना. तरी त्यांनी सांगितलं. लपवलं नाही.

"मी वाचलंच नव्हतं रे. मी नुसत्या चुका बघत होते."

वडील चिडले असते, दोन शब्द बोलले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. पण ते अजून त्यांचे विद्यार्थीच होते. त्यांनी खिशातून फोन काढला, बहिणीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

"मॅडम?" तिकडून आवाज आला. खूप लांबून, पण स्वच्छ.

"बाळा, माझं चुकलं गं," कॉमाबाई म्हणाल्या. "तुझं पत्र मी आज वाचलं. आत्ता. तेव्हा फक्त कॅपिटल बघितले, स्वल्पविराम बघितले. तू काय म्हणतेयस ते बघितलंच नाही."

मग ती म्हणाली, "मी चार वेळा उतरवून काढलं होतं, मॅडम. चूक दिसली की तुम्ही चिडता ना. मग पुढचं नीट वाचणार नाही असं वाटलं, म्हणून."

वडिलांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते.

"पण आता वाचलंत ना?" तिचा आवाज एकदम हलका झाला, घाईचा झाला. "मग आता सांगाल बाबांना?"

कॉमाबाईंनी तोंडावर पदर धरला. टेबलावरच्या फोनमधून ती विचारत राहिली, "मॅडम? मॅडम, ऐकू येतंय का?"