खांद्याच्या वर

माझा उजवा हात खांद्यापर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. पुढे रेटला की अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटली जाते. आणि वर हसून म्हणाले, "या वयात एवढं चालायचंच." या वयात म्हणजे काय? मी अठ्ठावन्न वर्षांची होते, एकशे अठ्ठावन्न नव्हे.

पुण्याचं घर बंद करून मी बंगळुरात मुलाकडे आले ती अठ्ठ्याण्णव साली. ईशान तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगा चांगला, पण माझ्या हाताची बातमी कळल्यावर त्यानं एका रविवारी सगळं स्वयंपाकघर खाली उतरवलं. पोह्यांचा डबा, साखर, माझी मोठी कढई, सगळं कमरेच्या उंचीला. "आई, तुला हात वर करायची वेळच येणार नाही," असं वर कौतुकानं सांगितलं. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! म्हणजे यापुढे माझं जग खांद्याच्या खाली. कुणी ठरवलं?

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी खांद्याच्या व्यायामाचा वर्ग असतो असं कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले. शिकवणारी चंपा, एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट, तरुण, कानडी. तिनं माझ्या हातात काठी दिली, दोन्ही हातांनी आडवी धरायला लावली आणि ओरडली, "कै मेले, अक्का! कै मेले! स्वल्प मेले!"

मी काठी खाली आपटली. "मी अजून मेले नाहीये, बाई!"

हॉलभर हशा पिकला. शेजारी आप्पाजी कुलकर्णी उभे होते, तीन पिढ्या बंगळुरात काढलेल्या घरातले. त्यांनी डोळे पुसत समजावलं, "अक्का, कन्नडात कै म्हणजे हात, मेले म्हणजे वर. हात वर करा म्हणतेय ती. स्वल्प, म्हणजे थोडासाच." तेव्हापासून मंडळात आमचं नाव 'काय मेले वर्ग' असं पडलं ते पडलंच.

चंपा गोड बोलायची, पण सोडायची नाही. आधी टेबलाला टेकून वाकायचं आणि दुखरा हात नुसता लोंबता सोडून हलवायचा. मग भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. मग काठी, चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं. ताण बसला तर चालेल, कळ आली की तिथंच थांबायचं. आणि खाली आणताना घाई करायची नाही. हात वर नेण्यापेक्षा खाली आणणंच जास्त दुखतं, हे ज्याला झालंय त्यालाच कळतं. हात धपकन टाकला की चंपा पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची.

वर्षभरात हळूहळू फरक पडला. आप्पाजी बायकोची मदत न घेता सदऱ्यात हात घालू लागले. एका सकाळी ईशान आंघोळीला गेलेला पाहून मी डाव्या हातानं उजव्याला रेटत पोह्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्या दिवशी मी पोहे केले नाहीत, नुसती डब्याकडे बघत चहा प्यायले.

आणि नेमकं तेव्हाच मंडळाचे अध्यक्ष विद्याधर सबनीस यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. सकाळचा हॉल कॉम्प्युटर क्लासला द्यायचा, असा ठराव ते येत्या वार्षिक सभेत आणणार होते. मी त्यांना गाठून विचारलं, "आणि आम्ही?"

"तुम्ही दुपारी या की."

"दुपारी चंपा इस्पितळात असते."

"मग घरी करा, प्रतिमाताई. हात हलवायला हॉल कशाला लागतो?"

वर्गाला येण्याआधी घरी मी महिनाभर करून पाहिलं होतं. कळ आली की मी सोडून द्यायची, आणि हात होता तिथंच राहायचा. हा वर्ग गेला तर माझा हात पुन्हा खाली येणार आणि पाठोपाठ पोह्यांचा डबाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सभा रविवारी होती. तरणी माणसं सभेला येतात कुठे? आम्ही म्हातारेच जास्त होतो आणि विद्याधररावांच्या ते लक्षात आलं होतं. ठरावाच्या बाजूचे हात त्यांनी भराभर मोजले. मग म्हणाले, "विरोध असेल त्यांनी हात वर करा. खांद्याच्या वर गेलेला हातच धरला जाईल. नाहीतर कोण मत देतंय आणि कोण डास मारतंय, मला कसं कळणार?"

काही जण हसले. आमच्या वर्गातले अर्धे हात छातीशीच थबकले होते.

आप्पाजी कुजबुजले, "अक्का, डावा करा."

"डावा का म्हणून? डाव्याला कुणी काही म्हटलेलं नाही."

मी उभी राहिले. डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरलं आणि उचलायला लागले. चंपा मंडळाची सभासद नव्हती, ती दाराशी उभी होती. "स्वल्प, अक्का," ती हळूच म्हणाली. खांद्यापाशी कळ आली. मी थांबले, श्वास घेतला, पुन्हा उचलला. हात कानाजवळून वर गेला तेव्हा मी कोपर सोडलं. तो राहिला. माझा हात, माझ्या जोरावर, वर राहिला!

मग आप्पाजी उठले. मग मागच्या रांगेतल्या दोघी, एकमेकींची कोपरं धरून. एकेक करत सगळा 'काय मेले' वर्ग उभा राहिला. कुणाचे दात आवळलेले, कुणी दुखऱ्या हाताला चांगल्याचा टेकू दिलेला, पण सगळे खांद्याच्या वर.

विद्याधररावांनी मोजलं. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं. शेवटी कागदाकडे बघत पुटपुटले, "ठराव नामंजूर. बरं, झालं, घ्या आता हात खाली. पुढचा विषय."

एकही हात खाली आला नाही.

"प्रतिमाताई, हात खाली घ्या म्हटलं ना!"

"विद्याधरराव," मी म्हटलं, "हा वर न्यायला मला वर्ष लागलंय. खाली मी माझ्या वेळेनं घेईन. तुम्ही बसा."