दोनशे तीन रेघांची कवळी

मी कवळी बोलतेय. वरची. आधी हसून घ्या, मी थांबते.

झालं? बरं. माझा अख्खा जन्म बोलण्यात गेला, पण सगळं दुसऱ्याचं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतेय, त्यामुळे जरा घाई होईल. सांभाळून घ्या.

वय वर्षं तीन. जन्म एका दातांच्या लॅबमधला, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. कारागिराने मला घासूनपुसून चकाचक केलं आणि खालच्या कवळीवर टेकवून बघितलं. "बसली जोडी," म्हणाला. दोघी एकाच दिवशीच्या, पण मी वर, म्हणून मी थोरली. ती धाकटी. यावरून आमची रोज कटकट चालायची, म्हणजे अक्षरशः कटकट.

आम्ही गेलो मोजणीकाकांकडे. रस्ता बांधायच्या आधी जमीन मोजायची, हे काकांचं काम. टेप, खुंट्या, वही. माणूस देवमाणूस, पण आमचा वापर भयंकर. लोक कवळीने जेवतात. काका माझ्याने पेनाची टोपणं काढायचे, दोऱ्या तोडायचे, टेपचं टोक धरायचे.

"अहो, ते दात आहेत, पक्कड नाही," काकू ओरडायच्या.

"पक्कड घरी राहते. हे सोबत असतात," काका म्हणायचे.

हे मात्र खरं ठरलं. डोंगरापलीकडच्या जंगलात मोजणी चालू असताना, जेवायच्या सुट्टीत बंडखोर आले आणि काकांना घेऊन गेले. टेप काढून घेतला. वही काढून घेतली. राहिल्या त्या आम्ही दोघी आणि शर्टाच्या तुटक्या बटणाजागी लावलेली एक सेफ्टी पिन.

आता ज्या माणसाने चाळीस वर्षं नुसतं मोजलंय, तो गप्प बसेल का? दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला तोंडातून काढलं आणि माझ्या टाळूवर पिनेने एक रेघ ओढली. इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू. मग रोज सकाळी एक रेघ. दहावी रेघ लांब, टेपवर असते तशी. आणि दिवसभर जीभ फिरवून काका मोजत बसायचे. राखणदाराला वाटायचं, म्हातारा काहीतरी चघळतोय. त्याने दोनदा तोंड उघडायला लावलं, की गोळी लपवली का म्हणून.

असे सहा-सात महिने गेले. मग एके दिवशी संध्याकाळी जंगलात गोळीबार झाला. कोण कुणावर, मला काय माहीत, मी तोंडात होते. काका एका खडकाखाली पालथे, आणि मी नि धाकटी अशा थडथडलो की तेवढा आवाज बंदुकांचा नसेल.

सकाळी सगळं शांत. काकांनी नेहमीसारखी रेघ ओढली. तेवढ्यात बंडखोरांचा दाढीवाला म्होरक्या आला. बोलणी करायला गावातले रिटायर हेडमास्तर जंगलाच्या कडेला येऊन थांबले होते, आणि त्यांना काका जिवंत असल्याचा पुरावा हवा होता.

"फोटो काढला असता, पण कॅमेऱ्यात पाणी गेलंय," दाढीवाला म्हणाला. "बोट पाठवू का एखादं?"

"बोट नको, मोजायला लागतं," काका म्हणाले. "दात न्या. वरचे न्या, खालचे राहू द्या."

अशी माझी न् धाकटीची ताटातूट झाली. हेडमास्तरांना काका काही दिसले नाहीत, नुसता मला ठेवलेला डबा मिळाला. त्यांनी तो उघडला, बघितलं, बंद केला, आणि वाटेत त्यांना तीनदा पाणी प्यावं लागलं.

डबा पोहोचला शहरातल्या एका ऑफिसात. पकडलेली माणसं जिवंत आहेत का नाहीत, हे इथे तपासतात. साहेब म्हणजे एक मॅडम, चष्मा डोक्यावर आणि शोध सगळ्या टेबलावर. आणि एक भिंगवाला, तिशीतला. मला बघून तो इतका खूश झाला की त्याने माझे एकशे बारा फोटो काढले. आयुष्यात माझा इतका मान कुणी ठेवला नव्हता.

रेघा दिसल्यावर तो आधी म्हणाला, ब्रशने पडल्यात. मग म्हणाला, गुप्त लिपी आहे. तीन दिवस डोकं लावल्यावर त्या लिपीतून शब्द निघाला 'गाय'. मॅडमनी विचारलं, "कुठली गाय?" तेव्हा त्याने लिपीचा कागद चुरगळला आणि सरळ रेघा मोजायला लागला.

"दोनशे तीन," तो म्हणाला. "मॅडम, हे दिवस आहेत."

मॅडमनी कॅलेंडर ओढलं. पळवल्याचा दिवस पहिला धरला, आणि बोट दोनशे तीनवर आलं. मॅडमचा चेहरा पडला. गोळीबार झाला तो नेमका त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे शेवटची रेघ गोळीबाराच्या दिवशीची. डबा मिळाला दोनशे चौथ्या दिवशी, आणि दोनशे चौथी रेघच नाही.

"गोळीबारात गेले असतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग कवळी काढून पाठवून दिली. शुक्रवारी मला रिपोर्ट द्यायचाय. 'पुरावा नाही' लिहिलं की बोलणी बंद."

मी किंचाळत होते हो. पण कवळीला किंचाळायला तोंड लागतं, आणि तेच तर जंगलात होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावलं. भिंगवाल्याने रेघा दाखवल्या, एक कमी कशी तेही सांगितलं, खाली मान घालून. काकूंनी मला तळहातावर घेतलं. रडतील असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "पहिला दिवस तुम्ही एक धरलात?"

"हो काकू. एकच ना?"

"हे शून्य धरतात. टेप शून्यापासून सुरू होतो ना, तसं ह्यांचं सगळंच. डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, हे सहा दिवस घेतात. म्हणतात पहिला दिवस शून्य. थांबा, मी आले."

त्या रिक्षाने घरी गेल्या आणि तासाभरात परत आल्या. काखेत पाय. म्हणजे, पायाचं प्लास्टर, गुडघ्यापर्यंतचं, मधोमध कापलेलं. गेटवरच्या शिपायाने विचारलं, "यात कोण आहे?" काकू म्हणाल्या, "आता कोणी नाही, सोड मला."

काका चार वर्षांपूर्वी खड्ड्यात पडले होते, तेव्हाचं ते प्लास्टर. "टाकू दिलं नाही हो ह्यांनी, म्हणे नोंदी आहेत. माळ्यावर चार वर्षं पाय सांभाळला मी."

प्लास्टरवर पेनाच्या रेघा. दहावी लांब. सगळ्या डावीकडे झुकलेल्या, कारण काका डावरे. हॉस्पिटलच्या कागदावर दोन्ही तारखा होत्या, घातल्याची आणि कापल्याची. मॅडमनी मोजले, बेचाळीस दिवस. भिंगवाल्याने रेघा मोजल्या. परत मोजल्या. मग भिंग बाजूला ठेवून बोटाने मोजल्या.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसाची नाहीये."

मॅडम मला प्लास्टरशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या. तोच झोक, तीच लांब दहावी. "म्हणजे ही शेवटची रेघ गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशीची," त्या म्हणाल्या. "काकू, तुमचे मिस्टर जिवंत आहेत."

"ते मला माहीत होतं," काकू म्हणाल्या, आणि मग मात्र खुर्चीवर बसल्या, अर्ध्या प्लास्टरवर.

रिपोर्ट गेला, बोलणी पुढे चालू झाली. मला पिशवीत घालून कपाटात ठेवणार होते. काकू आडव्या आल्या. "आणि ते तिकडे काय खाणार? नुसत्या खालच्या दातांनी?"

"काकू, पुरावा आहे तो," मॅडम म्हणाल्या.

"एकशे बारा फोटो काढलेत ना? फोटो ठेवा. फोटोला भूक लागत नाही."

मॅडमनी कपाट लावून टाकलं. मग काकूंनी भिंगवाल्याकडून भिंग मागून घेतलं, पदराची पिन काढली आणि माझ्या टाळूवर, पहिल्या रेघेच्याही आधी, एक बारीक शून्य कोरलं. नियमात बसत नव्हतं. मॅडम तेवढा वेळ चष्मा शोधत होत्या. तो डोक्यावरच होता.

सध्या मुक्काम हेडमास्तरांच्या झोळीत, स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून. रस्ता खडबडीत आहे, डबा खडखडतो, तो आवाज माझाच. वाटेत कुठल्या चौकीवर हा डबा तुमच्यासमोर आला, तर प्लीज, हसा पण अडवू नका. काकांच्या जेवणाची वेळ होत आलीय, आणि धाकटी एकटी आहे.

काका मला तोंडात घालतील. सवयीने जीभ फिरवतील, शेवटच्या रेघेपासून मागे मागे, पहिलीपर्यंत. आणि पहिलीच्या आधी जिभेला काहीतरी गोल लागेल.

ते काय बोलतील मला माहीत नाही. पण ते पहिल्यांदा ऐकणार मीच.