आई पडली तेव्हा

धर्मग्रंथाची गुंडाळी हातातून पडली, तर आमच्या ज्यू प्रार्थनाघरात ते पाहणाऱ्या प्रत्येकानं उपास करायचा, असा नियम आहे. आई पडली तर काय करायचं, याचा नियम नाही. त्यामुळे त्या शनिवारी सगळे पोटभर जेवले.

गुंडाळी दादाच्या खांद्यावर होती. कपाटातून काढून ती लोकांमधून फिरवतात आणि जो तो हात पुढे करून तिच्या मखमलीला स्पर्श करतो. ते मखमलीचं वेष्टण मीच शिवलेलं, शिवणकाम हाच माझा धंदा. आई पुढे आली, पायरीवरून तिचा पाय घसरला आणि तिनं दादाचा दंड धरला. दादानं दंड सोडवून घेतला. दोन्ही हातांनी गुंडाळी छातीशी आवळून तो खांबासारखा उभा राहिला. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

"शाब्बास! सगळ्यांची लाज राखलीस," प्रार्थनाघराचे अध्यक्ष त्याला म्हणाले. त्यांच्या तोंडात बोळा कोंबावा असं मला वाटलं.

बाबा आता नाहीत, पण दादाला लहानपणी त्यांनी एकच गोष्ट शंभरदा ऐकवली होती. बैल अडखळले, गाडीवरचा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, कलंडला, एका भल्या माणसानं तो सावरायला हात लावला आणि देवानं त्याला जागच्या जागी मारलं. मी ऐकून चिडायचे. दादा पांघरुणात शिरायचा. देवाचा धाक धरला की शहाणपण येतं, असं बाबा म्हणायचे. दादाच्या बाबतीत ते वाटेतच कुठेतरी अडकलं.

घरी मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, त्या गोष्टीत देवाला सावरणारा मेला! देवाला कुणी सावरायची गरजच नव्हती. आईला होती."

"ती पडतेय हे कळत होतं गं," तो म्हणाला. "पण हातच सुटेना. देव बघतोय असं वाटलं."

"मग आईला पडतानाही बघितलंच असेल की त्यानं."



काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आईला उभं करायला सांगितलं. दादा सकाळीच आला. पलंगापाशी वाकून त्यानं दोन्ही हात पुढे केले. रिकामे होते. आईनं त्या हातांकडे पाहिलं. रागानं नाही. रागावली असती तर मलाच बरं वाटलं असतं. मग तिनं बाजूच्या भिंतीला हात टेकला.

"असू दे, बाळा," ती म्हणाली. "भिंत बरी. ती कुणाला भीत नाही."

दादाचे हात तसेच पुढे राहिले.