तिसऱ्या पिनचा उशीर

वहिनींची चिप पास झाली, ही बातमी दादाने स्कोप या मोजणी-यंत्रावरचा आकडा बघताक्षणी घरी फोन करून सांगितली. मी ‘थांब जरा’ म्हणेपर्यंत वहिनी तिकडे हसायलाही लागल्या होत्या. आमच्या दादाच्या पोटात चांगली बातमी राहत नाही. वाईट मात्र तो दोन महिने दाबून बसला होता. वहिनींच्या दुखण्यावर आता इलाज उरला नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. वहिनींना ‘सुधारणा आहे’ म्हणायचं, असं दादाने ठरवलं. मी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून मला स्वतःचाच राग येत होता.

आम्ही तिघं एकाच कंपनीत. वहिनी चिप आखतात, मी तपासतो, दादा विकतो. ही चिप ठोके वाटणारी. घड्याळाचा एक ठोका आत येतो आणि आठ पिनांमधून बाहेर पडतो. ठोका निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली राहायला हवा. ते वहिनींनी चोख साधलं होतं. पण आठही पिनांवर तो एकदम पोचायलाही हवा. एक मागे राहिला, तर यंत्राचा एक भाग बोलत असतानाच दुसरा उत्तर देऊन मोकळा होतो. पन्नास पिकोसेकंदांपर्यंतचा उशीर खपतो. पापणी लवेपर्यंत असे अब्जावधी पिकोसेकंद निघून जातात, त्यामुळे ‘एवढ्याने काय होतंय’ असं दादा नेहमी म्हणतो.

तिसरी पिन तीसने मागे होती. म्हणजे पास.

दुसऱ्या दिवशी मी स्कोपच्या दोन केबली आपसांत बदलून तेच पुन्हा मोजलं. उशीर चिपचा असेल, तर केबली कशाही लावा, आकडा तोच यायला हवा. आला दीडशे. मी सेटिंग उघडलं. आधीच्या कामात कुणीतरी एक लांब केबल लावली होती आणि तिच्यासाठी साठची वजावट घातली होती. केबल गेली, वजावट तशीच राहिली. आधी ती उशिरातून वजा होत होती, केबली बदलल्यावर त्यात मिळत होती. ती काढली. तिसरी पिन नव्वदने मागे होती.

दादाला सांगितलं, तर त्याने आधी दार लावून घेतलं.

“तिला बोलायचं नाही. पुढच्या खेपेला करू दुरुस्त.”

“पुढच्या खेपेला कोण करणार, दादा?”

मी तडक घरी गेलो.

वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. “या भाऊजी! पेढे नाहीत, नुसतं कौतुक करा,” म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. तीस, दीडशे, वजावट, नव्वद.

वहिनींनी लॅपटॉप मागितला, आराखडा उघडला आणि बराच वेळ बोटाने एकेक तार पकडत गेल्या.

“ही बघा. तिसरीची तार कोपऱ्याला वळसा घालून जातेय. माझीच चूक. आठवड्याचं काम आहे.” त्यांचा चेहरा उजळला होता, हे मी खोटं सांगत नाही. “बरं झालं बोललात. दोन महिने या घरात मला कुणी खरा आकडा सांगितला नाही.”

दादा मागोमाग आला होता. दारातच उभा राहिला.

“आता माझ्या रिपोर्टचं सांगा, भाऊजी. यांना नाही जमायचं.”

मी दादाकडे बघितलं नाही. इलाज नाही, हे सांगितलं. डॉक्टर किती दिवस म्हणाले तेही सांगितलं. बोलताना मी रडत होतो, त्या नव्हत्या.

“म्हणजे तेवढेच,” वहिनी म्हणाल्या. लॅपटॉप त्यांनी पुन्हा जवळ ओढला. “मग आठवडा नको लावायला. आजच बसू.”

दादा आत आला आणि त्यांच्या पाठीमागची उशी नीट करू लागला.