विगवाल्यांनी मेलकंपनी निवडली

विगवाल्यांनी हौसेनं दुकानाच्या नावाचं डोमेन घेतलं, त्यावर ईमेल सुरू केला आणि डोक्याला ताप लावून घेतला. केसांचं दुकान म्हटल्यावर जगातले सगळे भामटे धावून आले. टकलावर तेल, टकलावर गोळ्या, टकलावर कर्जसुद्धा! एकानं तर परदेशातल्या कुणा विधवेची इस्टेट देऊ केली, तेव्हा विगवाले दिवसभर हवेत होते. संध्याकाळी ताईनं त्यांना जमिनीवर आणलं.

ताई म्हणजे थोरली बहीण. दुकानातच बसून विगच्या जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवायची. "अरे, कचरा नीट गाळणारी मेलकंपनी बघ," ती म्हणाली. "नाहीतर या गर्दीत शाळेतल्या बाईंचा मेल हरवायचा."

या बाईंचे केस उपचारांत जाणार होते, म्हणून त्यांनी आपली वेणी आधीच कापून दुकानात पाठवली होती. सोमवारी शाळेत परत रुजू व्हायचं ते आपल्याच केसांत, एवढंच त्यांचं मागणं. डोक्याचं माप त्या मेलवर कळवणार होत्या. वेळेत विग देतो, असा विगवाल्यांनी शब्द दिला होता.

दोन कंपन्या फुकटात वापरून पाहिल्या. पहिली संशय आलेले मेल बाजूला ठेवायची आणि रोज सकाळी विचारायची, हे टाकू का? "हिला स्वतःचं डोकंच नाही," विगवाले म्हणाले. दुसरी न विचारता सरळ कचऱ्यात टाकायची. विगवाले खूश झाले.

"आणि तो कचरा कोण बघणार?" ताईनं विचारलं.

"खिळ्यांच्या फणीतून केस ओढले की तोकडे खाली पडतात. ते कधी निवडत बसतो का आपण? झाडून टाकतो!"

ताईनं कपाळाला हात लावला. विगवाल्यांनी दुसरी कंपनी घेतली.

आणि काय शांतता, वा! तेल नाही, गोळ्या नाहीत, विधवा नाही. विगवाले भेटेल त्याला कंपनीचं कौतुक ऐकवत सुटले. आठवडा सरत आला तशी ताई म्हणाली, "बाईंचं काहीच कसं आलं नाही?"

"आजारी माणूस, विसरल्या असतील."

ताईनं उठून मेलचा कचरा उघडला. तेलांच्या आणि गोळ्यांच्या मधे बाईंचे तीन मेल पडले होते. एकाचा विषय 'केस गळून गेले'. दुसऱ्याचा 'केस लवकर हवेत'. तिसऱ्याचा 'शेवटची विनंती'. आता भामट्यांनी तरी याहून वेगळं काय लिहिलं असतं? पहिल्यात बाईंनी विचारलं होतं, माप कसं घ्यायचं? तिसऱ्यात लिहिलं होतं, 'माझी वेणी परत पाठवा. मी टोपी घालून जाईन.'

विगवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. अंगाखालची खुर्ची टोचायला लागली. त्यांनी घाईघाईनं उत्तर धाडलं, 'केस नक्की मिळतील! ताबडतोब संपर्क साधा!' ताईनं त्याच दुपारी डोमेन पहिल्या कंपनीकडे वळवलं. पण बाईंचं उत्तर काही आलं नाही.

सोमवारी विगवाले मापाची टेप घेऊन थेट शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत बाई कानापर्यंत टोपी ओढून कोपऱ्यात बसल्या होत्या. सोबतच्या शिक्षिका वहीत डोकं घालून त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या.

"आता कशाला आलात?" बाई म्हणाल्या.

"चुकलं हो माझं. तुमचे मेल मी कचऱ्यात जाऊ दिले. पण उत्तर पाठवलं होतं."

"मला नाही मिळालं."

विगवाले घुटमळले. "तुमचाही कचरा बघता का जरा?"

बाईंनी फोन काढला. विगवाल्यांचं उत्तर टकलावरच्या तेलाच्या दोन जाहिरातींमधे बसलेलं होतं. बाईंना आधी खुदकन हसू आलं, मग ते आवरेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि डोक्यावरची टोपी घसरून खाली पडली. विगवाले टोपी उचलायला लगबगीनं वाकले.

"राहू द्या हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी माप घ्या. माझा तास आहे."

विगवाल्यांनी माप घेतलं. घंटा झाली तशा बाईंनी खडू उचलला आणि त्या तशाच वर्गावर गेल्या.